परदेशातील दिव्यांग आणि अनाथ मुलांना आधार देताना: कोल्हापूरच्या मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

परदेशातील एखाद्या दिव्यांग किंवा अनाथ मुलाचा खर्च आपल्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) उचलावा, हा विचार बहुधा पाहुण्या वक्त्याच्या संदेशानंतर किंवा नाताळच्या तयारीच्या दिवसांत पुढे येतो आणि त्याच उत्साहात सभेत ठरावही होतो. हा विचार मला मनापासून मोलाचा वाटतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, आणि त्यानंतर इथल्या मिशनच्या शाळा, वसतिगृहे व दवाखाने कित्येक पिढ्या अमेरिकेतील मंडळ्यांच्या वर्गणीवर चालले. त्या वर्गणीतून शिकलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज दुसऱ्या देशातील मुलाचा भार उचलू पाहत असतील, तर ती इच्छा वाया जाता कामा नये. परंतु शब्द देणे एका संध्याकाळचे काम असते आणि तो पाळणे दहा-बारा वर्षांचे. मदत मध्येच थांबली, तर मुलाची शाळा किंवा उपचार अर्ध्यावर सुटतात आणि त्याची झळ मंडळीला नव्हे, मुलाला बसते. म्हणून पहिला रुपया पाठवण्यापूर्वी पाळकांनी, मंडळीच्या वडिलांनी (एल्डरांनी) आणि खजिनदारांनी मिळून काय तपासावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मूल राहते कुठे, हे आधी विचारावे

आपल्या मनात अनाथ मूल म्हणजे ज्याला कोणीच नाही असे मूल असते. युनिसेफच्या व्याख्येत मात्र आई किंवा वडील यांपैकी एक जरी वारले असले तरी ते मूल अनाथ गणले जाते, आणि अशी बहुतेक मुले हयात पालकाजवळ, आजीजवळ किंवा काका-मावशीकडे राहतात. अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकीही पुष्कळांचे आई-वडील किंवा निदान त्यांपैकी एक जण जिवंत असतो. गरिबीमुळे, शाळा दूर असल्यामुळे किंवा मूल दिव्यांग असून त्याची काळजी घेणे घराला झेपत नसल्यामुळे त्यांना तिथे ठेवलेले असते. अशा वेळी आपण इमारतीला आणि खाटांच्या संख्येला पैसे देत राहिलो, तर त्या खाटा भरलेल्या राहाव्यात अशी गरज निर्माण होते, आणि जे पैसे आईच्या हाती पडले असते तर मूल घरीच राहिले असते, तेच पैसे त्याला घराबाहेर ओढतात.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून दूर करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. बुखारेस्टमधील अनाथालयांतल्या बालकांवर या शतकाच्या सुरुवातीपासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात काही मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. संस्थेच्या काळजीत राहिलेल्यांपेक्षा या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जोडले जाण्याची क्षमता चांगली वाढली, आणि जी मुले लहान वयात कुटुंबात गेली त्यांना त्याचा अधिक लाभ झाला. रवांडाने 2012 पासून अनाथालये टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना कुटुंबांत नेण्याचे धोरण घेतले. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. त्यामुळे केनियात नवे बालगृह बांधायचे आहे म्हणून कोणी देणगी मागत असेल, तर ते त्या देशाच्याच धोरणाविरुद्ध जाणारे आहे, एवढे मंडळीला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून संस्थेला पहिले पत्र लिहाल, तेव्हा त्यात मुलांची संख्या विचारण्यापेक्षा हे विचारावे: मूल रात्री कोणाच्या घरी झोपते? हयात नातेवाईक कोण आहेत, आणि त्यांचा शोध कोणी व कधी घेतला? मूल निवासी असेल तर ते घरी परतावे यासाठी काय योजना आहे? मुलांजवळ काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का, आणि मुलाला तक्रार करायची असेल तर ती ते कोणाकडे करू शकते? स्वयंसेवकांना व पाहुण्यांना मुलांजवळ एकटे सोडले जाते का? त्या देशातील नोंदणीचे प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशेब आणि बालसंरक्षणाचे लेखी धोरण या तीन गोष्टी मागवाव्यात. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट उत्तराऐवजी केवळ हसऱ्या मुलांची छायाचित्रे आली, तर तिथे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिव्यांग मुलाचा खर्च खरोखर कशावर होतो

बहुतेक प्रायोजकत्वाच्या योजनांत दर मुलामागे एकच ठरलेली रक्कम असते. शाळेत जाणाऱ्या सुदृढ मुलासाठी ती पुरत असेल, पण दिव्यांग मुलाचे तसे नाही. जगात सुमारे 24 कोटी मुले कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह जगत आहेत, असा युनिसेफचा 2021चा अंदाज आहे, आणि त्यांच्या गरजा एका साच्यात बसत नाहीत.

चाकाच्या खुर्चीचेच उदाहरण घ्या. देणगीदाराला ती द्यायला सर्वांत आवडते, कारण ती दिसते, तिचे छायाचित्र निघते. परंतु मुलाच्या मापाची नसलेली खुर्ची पाठीचा कणा वाकवू शकते, आणि योग्य गादीविना तासन्‌तास बसल्याने ज्या मुलाला कमरेखाली संवेदना नाही त्याला दाबामुळे जखमा होतात. मूल वाढते, म्हणून खुर्ची काही वर्षांनी बदलावी लागते. खडबडीत रस्त्यावर चाके झिजतात आणि दुरुस्ती जवळपास होत नसेल तर खुर्ची कोपऱ्यात पडून राहते. तेव्हा खुर्चीचे पैसे देताना माप घेणारा प्रशिक्षित माणूस, गादी, दुरुस्ती आणि पुढची खुर्ची यांचे पैसेही त्यात धरलेले आहेत का, हे विचारावे.

जन्मतः वाकड्या पावलांचा उपचार पॉन्सेटी पद्धतीने होतो. दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी साधारण पाच-सहा प्लास्टरे, पुष्कळदा टाचेच्या शिरेवर छोटी शस्त्रक्रिया, आणि मग वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपताना घालायचे विशेष बूट. प्लास्टरचा टप्पा दोन महिन्यांत संपतो आणि देणगीदाराला वाटते की काम झाले, पण बूट सुटले की पाऊल पुन्हा वळते. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष असलेल्या मुलाला शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभर लघवी नळीने काढावी लागू शकते, तीही दिवसातून चार-सहा वेळा, आणि हे काम शाळेच्या वेळेत कोण करणार यावर त्याची शाळा अवलंबून असते. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या यंत्राला बॅटऱ्या लागतात आणि कान वाढतो तसा साचाही बदलावा लागतो. या सर्वांपेक्षा मोठा खर्च बहुधा कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, तो म्हणजे उपचारासाठी मुलाला घेऊन जाणाऱ्या आईची बुडालेली मजुरी आणि बसचे भाडे. माझ्या मते मंडळीने काही वेगळे द्यायचेच असेल, तर हे द्यावे.

हे कागदावरून समजणे कठीण आहे, म्हणून ठराव करण्यापूर्वी समितीने आपल्याच जिल्ह्यात डोळे उघडून पाहावे. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आपल्या दारात आहे. पूर्वपरवानगी घेऊन अशा संस्थेतील जाणत्या माणसांशी तासभर बोललात, तर उतार किती रुंद असावा, स्वच्छतागृहात आधाराचा दांडा कुठे हवा, खुर्चीतले मूल शाळेत टिकण्यासाठी काय लागते, हे नीट कळेल आणि परदेशातील संस्थेला अचूक प्रश्न विचारता येतील.

पैसे कोणाच्या खात्यातून जातील

इथे बहुतेक मंडळ्यांची गाडी अडते, म्हणून हा भाग खजिनदारांनी सावकाश वाचावा. आपली मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला न्यास असेल, तर दानार्पणाच्या थैलीत पडलेला पैसा न्यासाचा झाला. व्यक्तींना परदेशी पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची जी उदारीकृत प्रेषण योजना आहे, ती निवासी व्यक्तींसाठीच आहे. न्यास, भागीदारी संस्था किंवा कंपनी तिचा वापर करू शकत नाही. शिवाय धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चावर करसवलत मिळवण्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो. परदेशी देणगी स्वीकारण्याची परवानगी आणि त्यासाठीचे वेगळे खाते मंडळीकडे असेल, तर त्या पैशाला या कामासाठी हात लावू नये. परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही.

म्हणजे सरळ मार्ग उरतो तो सभासदांनी आपापल्या बँक खात्यातून पाठवण्याचा. या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणून मर्यादेची चिंता नाही. पॅन लागतो, बँकेत ए-2 अर्ज भरावा लागतो आणि त्यात उद्देशाचा संकेतांक द्यावा लागतो. परदेशातील धार्मिक व धर्मादाय संस्थांना देणगी देण्यासाठी तो एस 1303 आहे. वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा रकमेवर उगमस्थानी कर (टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) गोळा केला जात नाही; ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून आहे. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगावे. नेपाळ आणि भूतान यांच्यासाठी परकीय चलनाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे तिथली संस्था निवडण्यापूर्वी बँकेच्या परकीय चलन विभागाला विचारावे.

आता एक व्यावहारिक अडचण. समजा, चाळीस कुटुंबांनी महिन्याला तीनशे रुपये द्यायचे ठरवले. वर्षाचे 1,44,000 रुपये झाले. प्रत्येकाने तीनशे रुपये स्वतंत्र पाठवले तर बँकेचे शुल्क आणि मधल्या बँकेची कपात यांतच बराचसा पैसा जाईल. मग सगळ्यांनी एका विश्वासू सभासदाच्या खात्यात पैसे जमा करावेत असे कोणीतरी सुचवते, आणि ही सूचना धोक्याची आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण पन्नास हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून मिळाली, तर ती सगळी घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ठरू शकते, आणि एक निरपराध माणूस विनाकारण अडचणीत येतो.

त्यापेक्षा अशी रचना करावी. आठ कुटुंबांनी वर्षातून एकदा प्रत्येकी अठरा हजार रुपये स्वतःच्या खात्यातून थेट संस्थेला पाठवावेत, आणि उरलेल्या बत्तीस कुटुंबांनी मंडळीच्या स्थानिक कामासाठीचे आपले दान वाढवून त्या आठ कुटुंबांचा तिथला वाटा भरून काढावा. एकूण रक्कम तेवढीच राहते, शुल्क आठदाच लागते आणि प्रत्येक पैशाचा मालक स्पष्ट असतो. आठ जणांच्या तारखा वर्षभर विभागल्या, म्हणजे संस्थेला दर दीड महिन्याने पैसे मिळत राहतात. रचना पक्की करण्यापूर्वी ती सनदी लेखापालांना दाखवून घ्यावी. पैसे नेहमी संस्थेच्या नावाच्या खात्यात जावेत. तिथल्या संचालकाच्या किंवा पाळकाच्या वैयक्तिक खात्यात, त्याची कितीही चांगली ओळख असली तरी, पाठवू नयेत.

पत्रे, छायाचित्रे आणि शब्दाची मुदत

मुलाचे छायाचित्र आले की ते मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याचा मोह होतो. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. परदेशातील मुलालाही आपण तेवढाच मान द्यावा. छायाचित्र समितीच्या फायलीत राहावे, आणि उपासनेत प्रार्थना करताना नाव, गाव व आजार न सांगताही प्रार्थना करता येते. संडे स्कूलची मुले पत्रे लिहिणार असतील तर ती संस्थेमार्फतच जावीत. पंचगंगेचा पूर, रंकाळ्यावरची संध्याकाळ, शाळेतला खोखो, असे काहीही त्यांनी लिहावे, मात्र घरचा पत्ता, फोन क्रमांक किंवा भेटवस्तूचे आश्वासन लिहू नये.

ठरावात मुदत लिहावी. कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेमार्फत मुलांना मिळणाऱ्या प्रायोजकत्वाचा सहा देशांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात बालपणी आधार मिळालेल्यांचे शिक्षण सरासरी 1.03 ते 1.46 वर्षांनी अधिक झाल्याचे आढळले. ती मुले आपापल्या घरीच राहत होती आणि त्यांना वर्षानुवर्षे सलग आधार मिळाला होता. त्या सहा देशांत भारतही होता. 2017 मध्ये परदेशी निधीवरील निर्बंधांमुळे त्याच संस्थेला भारतातील काम बंद करावे लागले आणि इथल्या मुलांचा आधार तुटला. आपल्या हाती नसलेल्या कारणाने मदत थांबू शकते, म्हणून थांबण्याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी. आठ कुटुंबांपैकी एखाद्याची बदली झाली किंवा नोकरी गेली, तर त्याची जागा घेणारी दोन कुटुंबे आधीच ठरवून ठेवावीत. मदत बंद करायची झाल्यास संस्थेला किमान एक वर्ष आधी लेखी कळवण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. एकाच मुलापासून सुरुवात करावी, आणि त्याचे पहिले पूर्ण वर्ष, हिशेबासह, सभेपुढे मांडल्यावरच दुसऱ्या मुलाचा ठराव घ्यावा.