तर्री वेगळी मागवा: चोखंदळ मुलांसह नागपुरात बाहेर जेवताना

चार वर्षांचे मूल हॉटेलात जेवले नाही, तर त्याला मांडीवर घेऊन दहीभात भरवता येतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा मार्ग उरलेला नसतो. त्याला भूक लागलेली असते, आपल्या ताटाकडे सगळ्यांचे लक्ष आहे हेही त्याला कळत असते, आणि दोन्हींमुळे तो अधिकच गप्प होतो. नव्या पदार्थांविषयीची धास्ती साधारणपणे दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि पुढे ती ओसरत जाते. ज्या मुलांमध्ये ती त्यानंतरही टिकते, त्यांना बहुतेक वेळा वास, स्पर्श किंवा पदार्थांची सरमिसळ खरोखरच सहन होत नाही, म्हणून त्याला हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सुटीच्या चार दिवसांत ही सवय बदलण्याचा प्रयत्न करू नये. मुलाचे पोट भरावे आणि जेवणाची वेळ सगळ्यांना सुखाची जावी, एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

त्यासाठी निघण्यापूर्वी मुलाशी नेमके बोलावे. ‘तुला काय आवडत नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तिखट सोसत नाही, की रश्शावरचा तेलाचा तवंग नको वाटतो, की कोरडे आणि पातळ एकत्र झालेले चालत नाही, की अनोळखी वास त्रास देतो, असे सुटे सुटे विचारले की बहुतेक मुले नीट सांगतात. त्या उत्तरांवरून हॉटेल निवडावे, आणि फोनवर तिथले मेनूकार्ड पाहून आपल्यासाठी दोन पदार्थ हेरून ठेवण्याचे काम मुलाकडेच द्यावे. काय खायचे हे आधी ठरलेले असले की हॉटेलात पाऊल टाकतानाचा निम्मा ताण तिथेच कमी होतो.

नागपूरचे जेवण जहाल म्हणून ओळखले जाते आणि त्यामुळे पुण्या-मुंबईकडचे पालक अनेकदा मुलांसाठी थेट पिझ्झा शोधू लागतात. तशी गरज नसते, कारण इथल्या कितीतरी पदार्थांत तिखटपणा मूळ पदार्थात नसून वरून ओतायच्या द्रवात असतो. तर्री-पोह्यांत पोहे साधेच असतात. जाळ असतो तो हरभऱ्याच्या तर्रीत. ‘तर्री वेगळी द्या’ असे सांगितले, की मुलाला कोरडे पोहे, हवा असल्यास कांदा आणि शेव एवढेच मिळते, आणि वाटीतली तर्री शेजारी असल्याने वाटल्यास चमच्याचे टोक बुडवून पाहता येते. पाटोडी-रश्शाचेही तसेच आहे. पाटोडी म्हणजे शिजवलेल्या बेसनाची वडी. ती पोळीबरोबर कोरडीच खाता येते. मात्र काही ठिकाणी ती रश्शात बुडवूनच आणतात, म्हणून मागवतानाच स्पष्ट सांगावे. गोळाभातात बेसनाचे गोळे आणि भात, तर वडाभातात मिश्र डाळींचे वडे आणि भात, आणि दोन्हींवर फोडणीचे गरम तेल वरून घेतात. ते तेल आपल्या हातात असल्याने किती घ्यायचे हे मुलानेच ठरवावे. सोबत कढी असेल तर उत्तमच. सांबारवडीत मात्र कोथिंबिरीचे सारण आतच भरलेले असते आणि त्यातला मसाला बाजूला काढता येत नाही. ज्याला हिरवे दिसले तरी नको वाटते, त्याच्यासाठी ती मागवू नये.

सावजी भोजनालयाचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे मसाला मटणात, चिकनमध्ये किंवा डाळकांद्यात मुरवलेला असतो आणि तो वेगळा करता येत नाही. मोठ्यांना सावजी खायचेच असेल, आणि नागपुरात येऊन न खाणे हे मलाही पटत नाही, तर मुलाला आधी दुसरीकडे खाऊ घालावे किंवा तिथे त्याच्यासाठी पोळी, साधा भात, दही, ऑम्लेट यांपैकी काय मिळेल हे जाण्यापूर्वी फोन करून विचारावे. जिथे लांब रोटी करतात, तिथे मुलाला ती होताना अवश्य दाखवावी: सैल कणीक हातांवर लांबवत नेऊन उलट्या ठेवलेल्या तापलेल्या मडक्यावर टाकतात. डोळ्यांसमोर तयार झालेली आणि आत काय आहे हे ठाऊक असलेली गोष्ट चोखंदळ मुले अनेकदा आपणहून मागतात, आणि ही रोटी तूप-गुळाबरोबरही छान लागते.

चुकून तिखट लागलेच तर पाण्याचा पेला पुढे करू नये. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने आग शमत नाही. दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते, म्हणून गार दूध, दही किंवा लस्सी द्यावी. एक वाटी दही पहिल्याच ऑर्डरमध्ये सांगून ठेवलेले बरे.

ऑर्डर देताना मुलासाठी ओळखीचा आणि खात्रीचा एक पदार्थ पूर्ण मागवावा; नवा पदार्थ त्याच्या नावावर कधीच मागवू नये. नवे काही चाखायचे असेल तर ते मोठ्यांच्या ताटातून, त्याने मागितले तरच. धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत डोसा, पोळीभाजी, पुलाव हे सगळे एकाच छताखाली देणारी हॉटेले आहेत, तिथे हे सहज जमते. सलग दोन दिवस त्याने तोच मसाला डोसा मागितला, तर मागवू द्यावा.

खरी कसोटी नातेवाइकांबरोबर जेवताना लागते. नागपुरातली आत्या किंवा मामा प्रेमाने हॉटेलात घेऊन जातात, सगळ्यांसाठी स्वतःच ऑर्डर देतात आणि ‘एवढंच? घे ना अजून’ म्हणत मुलाच्या ताटात वाढतात. त्या आग्रहात माया असते, पण मोठ्या मुलाला ती चारचौघांतली उलटतपासणी वाटते. म्हणून आदल्या दिवशीच, मूल जवळ नसताना, फोन करून सांगावे: ‘मामा, त्याचं तो मागवेल, तुम्ही आग्रह करू नका, त्याला अवघडल्यासारखं होतं.’ बहुतेक जण समजून घेतात. तरीही टेबलावर विषय निघालाच, तर भावंडांशी तुलना होऊ न देता पालकांनीच तो बदलावा.

वेळही सांभाळावी लागते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी कोणालाच भूक नसते. तेव्हा सकाळी भरपेट नाश्ता आणि रात्रीचे जेवण यांवर भिस्त ठेवून दुपारी दहीभात, ताक आणि फळे पुरतात. हिवाळ्यात आलात तर बाजारात संत्री असतात. एरवी फळांना हात न लावणारी मुलेही स्वतः सोललेले संत्रे खाताना मी पाहिली आहेत. संत्रा बर्फी मात्र बरीच गोड असते, ती जेवणानंतरच द्यावी.

चोखंदळपणा आणि आजार यांतील सीमा पालकांनी ओळखायला हवी. मुलाचे वजन घटत असेल, खाण्याच्या पदार्थांची यादी दिवसेंदिवस आखडत असेल, किंवा घशात घास अडकेल या भीतीने ते जेवणच टाळत असेल, तर सुटीहून परतल्यावर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा स्थितीला ‘आर्फिड’ हे नाव आहे आणि २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तिची स्वतंत्र नोंद आहे.

पेंच किंवा ताडोब्याला जाणार असाल तर मुलाच्या जेवणाची तजवीज नागपुरातच करावी. सफारी पहाटे सुटते आणि जंगलालगतच्या निवासांत बहुधा ठरलेल्या वेळी ठरलेलेच जेवण मिळते. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, खाकरा असे त्याच्या ओळखीचे दोन दिवस टिकणारे खाणे त्याच्याच पिशवीत द्यावे, आणि निवासाची खोली ठरवतानाच रोज एका वेळी साधा वरण-भात मिळेल का, हे विचारून घ्यावे.