अतिवृष्टीचं अनुदान कुठं अडकलं होतं? माझा अनुभव

काटोल तालुक्यात बाबांचं संत्र्याचं वावर आहे, साधारण 1.2 हेक्टर. 2025 च्या पावसात निम्म्याहून जास्त फळ गळलं. पंचनामा झाला, यादीत नाव आलं. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) काढलेला नव्हता म्हणून यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रात अंगठा लावून ई-केवायसीही (आधारावरून ओळख पटवणं) केली. फळबागेला हेक्टरी 22,500, म्हणजे 27,000 यायला हवे होते. शेजाऱ्यांचे आले, आमचे नाही.

मी नागपूरला नोकरीत. दोन सुट्ट्या चकरांतच गेल्या. हा म्हणे तिकडे विचारा, तो म्हणे बँकेत. बँकवाले म्हणाले, "आधार लिंक आहे ना!" घोळ नेमका तिथेच होता. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसा त्याच खात्यात वळणं वेगळं. हे अनुदान आधारावर येतं. एनपीसीआयकडे (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) त्या आधारापुढे ज्या एका बँकेची नोंद असेल, तिकडेच जातं.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे ही नोंद कोणत्या बँकेची आहे ते पाहिलं. नाव निघालं भलत्याच बँकेचं! गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेलं ते खातं केव्हाच बंद पडलेलं. बाबा तर विसरूनच गेले होते.

मग बाबांना घेऊन त्यांच्या वापरातल्या खात्याच्या शाखेत गेलो, डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा संमती अर्ज भरला. पोच मागून घेतली (मागितल्याशिवाय देत नाहीत). चार दिवसांनी स्टेटस बदललेलं दिसलं. त्याची प्रिंट, पासबुकाची झेरॉक्स आणि विशिष्ट क्रमांक जोडून तहसीलला अर्ज दिला.

महिन्याभरानं बाबांचा फोन आला, "आले रे पैसे, खताची उधारी देऊन टाकली."