कादंबरीसाठी चित्रकार निवडताना या चुका टाळा

माझ्या कादंबरीतलं घर रत्नागिरीकडचं. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलं, पुढे पडवी, सारवलेलं खळं. चित्रकारानं पाठवलेलं पहिलं रेखाटन उघडलं आणि पोटात गोळा आला. चित्र देखणं होतं, पण घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, सोलापूर-मराठवाड्याकडे असतं तसं. चूक माझीच होती. फोनवर दहा मिनिटांत गोष्ट सांगून मी 'जुनं, गावाकडचं घर' एवढंच म्हटलं होतं.

हस्तलिखित न देता काम सोपवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सारांश देऊ नका, पूर्ण हस्तलिखित द्या आणि वाचायला दोन-तीन आठवडे द्या. वाचून झाल्यावर आधी आपण बोलायचं नाही. 'तुम्हाला काय दिसलं?' एवढंच विचारायचं. त्याच चित्रकारानं हस्तलिखित वाचल्यावर मला विचारलं, 'वहिनी दुपारी चिखलात लावणी करते आणि संध्याकाळी लग्नाला जाते. मग लुगडं दोन्हीकडे सारखंच नेसलेलं दाखवायचं का?' हा प्रश्न मला लिहिताना पडला नव्हता. असा प्रश्न विचारणारा चित्रकार सापडला की शोध थांबवा.

सोबत काळ, गाव, ऋतू आणि वापरातल्या वस्तू लिहून द्या. शक्य असेल तर त्या भागातले स्वतः काढलेले फोटोही द्या.

एका सुंदर चित्रावर भाळणं

इन्स्टाग्रामवरचं एक चित्र पाहून होकार देऊ नका. आतली चित्रं हवी असतील तर तेच पात्र निरनिराळ्या प्रसंगांत, निरनिराळ्या कोनांतून काढलेलं काम मागा. पाचव्या चित्रात नायिका ओळखू आली नाही, तर वाचक तिथे अडखळतो. आतली पानं बहुधा एकाच काळ्या शाईत छापली जातात, म्हणून काळं-पांढरं काम बघाच. पेन्सिलच्या नाजूक छटा आणि पातळ वॉश (पाणी मिसळलेल्या रंगाचे हलके थर) नॅचरल शेडच्या, म्हणजे किंचित पिवळसर कागदावर मळकट दिसू शकतात. ठाम रेषा टिकते. मराठी पुस्तकांचे चित्रकार वसंत सरवटे किंवा बाळ ठाकूर यांची रेखाटनं जुन्या छपाईतही किती स्वच्छ उठतात ते पाहा. पण 'मला सरवट्यांसारखं काढून द्या' असं कुणालाही सांगू नका. ज्याचा स्वतःचा हात आपल्या गोष्टीला जुळतो, तोच निवडा.

प्रकाशकाला न विचारता चित्रकार ठरवणं

बऱ्याच करारांत मुखपृष्ठाचा अंतिम निर्णय प्रकाशकाकडे असतो. आधी करार वाचा आणि मगच शब्द द्या.

पैसे आणि हक्क तोंडी ठेवणं

तिघांकडून फुकट नमुने मागवून एक उचलणं मला अन्यायाचं वाटतं. एकच रफ, म्हणजे कच्चं रेखाटन मागा, पण त्याचे पैसे द्या. किती दुरुस्त्या, काम थांबलं तर किती मानधन, ई-बुक, ऑडिओबुक आणि अनुवादासाठी चित्र वापरता येईल का, हे सगळं कागदावर आणा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंत पुस्तक न्यायचं असेल तर हे विसरू नका.

छापून आल्यावर बिघडलं तर

पडद्यावरचा झळाळता निळा कागदावर मंद झाला, तर फाइल बहुधा आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत होती. ती सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगपद्धतीत करून घ्या आणि प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत काढा. पुस्तकाच्या कण्यावरचं नाव सरकलं, तर पानांची संख्या पक्की होण्याआधीच कव्हर तयार झालं असणार. 240 पानं म्हणजे 120 कागद. एका कागदाची जाडी 0.1 मिलिमीटर धरली तर कणा 12 मिलिमीटर होतो, आणि कागद बदलला की हाही बदलतो. शीर्षकातली वेलांटी किंवा जोडाक्षर तुटलं, तर अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदलून पाठवायला सांगा.

चित्र कसं काढायचं ते सांगणं

रफ आवडला नाही की आपण म्हणतो, 'डोळे मोठे करा, पदर लाल करा.' चित्रकार ते करतो आणि चित्र आणखी निर्जीव होतं. माझ्या कादंबरीतला चुलीपुढचा प्रसंग तीनदा काढून झाला होता. शेवटी मी एवढंच सांगितलं, 'या क्षणी ती भावाशी खोटं बोलतेय.' चौथ्या रेखाटनात तिचा चेहराच नव्हता. ती भावाकडे पाठ करून चुलीत लाकूड सारत होती, आणि लाकूड आधीच पुरेसं पेटलेलं होतं.