जुनी फोर-बाय-फोर घरी दुरुस्त करताय? चमक शेवटी आणा, या चुका टाळा

जुनी फोर-बाय-फोर दारात उभी राहिली की पहिला हात पॉलिशच्या डब्याकडे जातो. बोनेट दिसतं, चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) दिसत नाही, म्हणून सुट्टीचे सगळे दिवस बोनेटवर खर्ची पडतात. काही महिन्यांनी त्याच चकचकीत दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड येतात आणि शिव्या रंगाला बसतात. रंगाचा दोष क्वचितच असतो. घरी केलेल्या कामात जे बिघडतं, ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. आधी माती आणि ओलावा बाहेर काढायचा, मग गंज, मग पत्रा, मग रंग. चमक अगदी शेवटी.

वरून धुतली म्हणजे धुतली, हा समज

चिखलात फिरलेल्या गाडीची माती दिसते तिथे कमी आणि दिसत नाही तिथे जास्त असते. चॅसीच्या पोकळ पेटीत, इंधनाच्या टाकीच्या डोक्यावर, मडगार्डच्या आत वळवलेल्या ओठात, बंपरच्या ब्रॅकेटमागे. हा गाळ पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून चॅसी काळीभोर, धडधाकट दिसते. स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो.

चॅसीला खालच्या बाजूने पाणी निचरण्याची भोकं असतात. ती बुजलेली असणारच. जाड तारेने ती मोकळी करा, वरच्या भोकातून साधा पाइप आत सोडा आणि कमी धारेने पाणी चालू ठेवा. आधी चहासारखं गढूळ पाणी येईल, मग वाळू, मग पापुद्र्यासारखे गंजाचे तुकडे. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं नाही. तुकडे मूठभर निघाले तर पुढचा बेत तिथेच बदलायला हवा, कारण तो पत्रा आता पूर्वीच्या जाडीचा राहिलेला नाही.

प्रेशर वॉशर वापरायला हरकत नाही, पण धार कुठे मारता याला महत्त्व आहे. चाकाच्या बेअरिंगचं सील, एक्सलचे रबरी बूट, वायरिंगचे कपलर, अल्टरनेटर यांच्यावर जवळून मारलेली धार पाणी आत घुसवते. रेडिएटरच्या जाळीवर मारली तर पातळ पात्या वाकतात, हवा अडते आणि पुढच्या चढावर इंजिन तापलं की दोष थर्मोस्टॅटवर जातो. इंजिन गरम असताना गार पाणी ओतणं तर नकोच. ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकू शकतो.

इथेच एक नेहमीची तक्रार: एक्सलमधलं ऑइल दुधाळ झालं, सील बदललं, तरी पुन्हा दुधाळ. अशा वेळी सीलच्या आधी ब्रीदर बघा. एक्सलच्या डोक्यावर हवा ये-जा करायला छोटी नळी किंवा झाकण असतं. तापलेला एक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकुंचन पावते. ब्रीदर मोकळा असेल आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर असेल तर त्यातून हवा आत येते. तो चिखलाने बुजलेला असेल तर एक्सल सीलच्या ओठातून पाणी ओढतो. ब्रीदर साफ करा, नळी वर इंजिनच्या कप्प्यापर्यंत न्या, मग ऑइल बदला.

गंज झाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खालून काळं, जाड, रबरासारखं कोटिंग मारलं की गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते. पण गंजावर मारलेलं कोटिंग काही काळाने कडेला सुटतं, त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. उघड्या पत्र्यावरचा गंज निदान दिसतो आणि वाळतो. माझं मत विचाराल तर अर्धवट साफ केलेल्या चॅसीवर कोटिंग मारण्यापेक्षा ती तशीच उघडी ठेवलेली बरी. विकत घेताना ताजं काळं कोटिंग दिसलं, तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

आधी छोटा हातोडा घ्या आणि चॅसी वीतभर अंतराने वाजवत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, बॉडी जिथे चॅसीवर बसते ते ब्रॅकेट, मागचा आडवा बीम, स्टीअरिंग बॉक्सची जागा, या ठिकाणी घाई करू नका. नुसता वरचा गंज असेल तर घरी होण्यासारखं काम आहे. पापुद्रे निघत असतील, तर पापुद्रे पूर्ण काढल्यावर किती पत्रा उरतो ते बघून ठरवा. भोक पडलं असेल तर तिथे पुट्टी, फायबर, टेप काही चालत नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं एवढाच इलाज, आणि चॅसीवरचं वेल्डिंग हे शिकाऊ हाताचं काम नाही.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं तो गंज खाऊन टाकतो, काहींना वाटतं तो निव्वळ पैसे उकळण्याचा प्रकार आहे. त्यात बहुतेक वेळा फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं आणि ते उरलेल्या पातळ गंजाशी प्रक्रिया करून त्याचा स्थिर थर बनवतं. म्हणजे सुटा गंज वायर ब्रशने आधी काढायलाच हवा; जाड पापुद्र्यावर लावलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली लाल गंज तसाच राहतो. उलट, घासून लख्ख केलेल्या लोखंडावर त्याला करायला काही कामच नाही. तिथे ॲसिडचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा, ओलावा अडवणारा पहिला थर) नीट धरत नाही. लख्ख पत्र्यावर थेट इपॉक्सी, खड्ड्यांत गंज उरलेल्या पत्र्यावर कन्व्हर्टर, असा साधा हिशेब ठेवा. आणि कन्व्हर्टरनंतर कोणता प्रायमर चालतो ते डब्यावर वाचा. हे वाचायचा कंटाळा फार महाग पडतो.

साधा प्रायमर मारून गाडी महिनाभर तशीच ठेवणं ही आणखी एक सवय. साधा प्रायमर ओलावा शोषतो आणि खाली पुन्हा गंज धरतो. प्रायमर मारला की रंगाचा हातही लवकर मारा. चॅसीच्या पोकळीत आतून कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेणासारखं द्रव्य) मारायचं, तेही पूर्ण वाळल्यावर. ओल्या पेटीत मारलेलं वॅक्स ओलावाच कोंडून ठेवतं. आणि मारताना तीच निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजवू नका.

जिथे चूक परत सुधारता येत नाही

गाडीखाली जाताना फक्त जॅकवर विसंबू नका. जॅक स्टँड हवेतच, तेही कडक, सपाट जमिनीवर आणि सडका पत्रा नसलेल्या जागी. जुन्या गाडीत जॅक लावायची मूळ जागाच गंजलेली असते, हे लक्षात ठेवा.

इंधनाची टाकी रिकामी आहे म्हणून तिच्यावर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफांनी भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची. वेल्डिंगची जागा क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसू नका. उष्णतेने त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करून टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. मास्क लावा आणि पाणी घेऊन घासा.

गंजलेले बोल्ट

जोर लावून बोल्ट तुटतो, मग ड्रिल येतं, मग ड्रिल तिरकं जातं. त्याआधी डोकं वायर ब्रशने साफ करा, भेदक तेल (गंजाच्या फटीत शिरणारं पातळ तेल) लावा, रात्रभर ठेवा, पुन्हा लावा. सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी जुन्या डोक्याच्या कडा गोल करतं. सोडवण्याआधी किंचित आवळून बघा. गंजाची पकड तेवढ्याने मोडते. मग थोडं सोडा, थोडं आवळा, तेल, पुन्हा थोडं सोडा. उष्णता देणं उत्तमच, पण जवळ ब्रेकचे पाइप, इंधनाची नळी, रबरी बुश काही नाही ना हे बघून. आणि सगळी गाडी एकदम उघडू नका. एका वेळी एक भाग, प्रत्येक बोल्टची पिशवी वेगळी, वर नाव. घरच्या अर्ध्याहून अधिक गाड्या माझ्या मते गंजाने मरत नाहीत, खोक्यांत मरतात.

पुट्टी आणि रंग

पुट्टी पाणी शोषते. तिच्यावर पाण्याने घासकाम केलं आणि लगेच रंग मारला तर काही आठवड्यांत बारीक फोड येतात. पुट्टी कोरडीच घासा. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जात असेल तर पोच आधी ठोकून नीट काढायला हवा होता. जुन्या गाडीवर आधीच कुणीतरी पुट्टी थापली आहे का, हे पातळ कापडात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने कळतं. जिथे तो पकडत नाही तिथे पुट्टी जाड आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ही युक्ती अर्थातच चालत नाही.

रंग मारताना पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले तर रंगाच्या स्प्रे-गनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा ते सिलिकॉन असतं. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवणारा सिलिकॉनचा स्प्रे त्याच शेडमध्ये मारलेला असतो, त्याचे कण पत्र्यावर बसतात आणि तिथून रंग पळतो. दोन-तीन हात वर मारून खड्डे भरत नाहीत. रंग वाळू द्या, घासा, वॅक्स-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने एका फडक्याने पुसा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. एकच फडकं वापरलं तर तेल नुसतं पसरतं.

ॲल्युमिनियमची बॉडी हा वेगळा विषय. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, म्हणून १९४८ साली आलेल्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली, चॅसी मात्र पोलादाची. लोक समजतात ॲल्युमिनियम म्हणजे काळजी मिटली. जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं आणि मध्ये खारट ओलावा असतो, तिथे ॲल्युमिनियम झिजतं आणि रंगाखाली पांढरी भुकटी जमते. जोडताना दोघांच्या मध्ये रंगाचा पूर्ण थर आणि रबरी किंवा प्लास्टिकचा वॉशर हवा. आणि लोखंडावर वापरलेला वायर ब्रश त्यावर चालवू नका. लोखंडाचे कण रुतून तिथेच डाग उमटतात.

रंगकामानंतर दिवे मंद का झाले?

गाडी रंगून झाली, जोडली, आणि हेडलाइट मिणमिणतात, इंडिकेटर लावला की मागचा दिवाही लुकलुकतो. लोक बल्ब बदलतात, मग अल्टरनेटर. खरं कारण सहसा अर्थिंगचं असतं. अर्थची वायर चॅसीला जिथे बोल्टने बसते, तिथे आता नवाकोरा रंग आहे आणि रंगातून वीज जात नाही.

खात्री करायला मल्टिमीटर पुरतो. हेडलाइट चालू ठेवा, एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा मार्ग खराब आहे. बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून लख्ख करा, वायर घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. इंजिन ते चॅसी आणि बॉडी ते चॅसी या पट्ट्याही विसरू नका. इंजिनची पट्टी सैल असेल तर स्टार्टरचा प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि ती तापते.

आता पॉलिश

जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा वरती क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसतो, एकाच थराचा रंग असतो. पॉलिश करताना फडक्यावर रंग उतरला तर घाबरू नका, असा रंग उतरतोच. पण याचा अर्थ प्रत्येक वेळी तुम्ही उरलेला रंगच कमी करताय. मशीन कडांवर आणि उंचवट्यांवर नेऊ नका; रंग तिथेच सर्वात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत प्रायमर दिसतो. त्या जागांवर आधी टेप लावा. सर्वात सौम्य पॉलिश आधी, तेही कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघा.

काळ्या प्लास्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग पडतात ते घासून निघत नाहीत, तेव्हा वॅक्सआधी तिथेही टेप. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय थोडे दिवस टिकतो, कारण मूळचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थर गेलेला असतो. ८००, १५००, २००० असा पॉलिशपेपर चढवत घासून वर यूव्ही क्लिअर मारलं तरच ते टिकतं. काचेचे दिवे असतील तर फक्त बाहेरून पुसा. आतल्या आरशाला बोट लावलं तर त्याची चकाकी निघून हातात येते.

आतल्या भागाबद्दल एवढंच: गालिचा आधी बाहेर काढा. कुबट वास सुगंधी स्प्रेने जात नाही. खाली पत्रा ओला असेल तर पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेकदा विंडस्क्रीनच्या रबराखालून, आणि तिथेही गंजच असतो.

पहिल्या फेरीआधी

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं धरू नका. बाजूवर DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मालिकेच्या शेवटी चार आकडे असतात: १२१६ म्हणजे २०१६ सालचा बारावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे आणि तो गाडीवर ठेवायचाच नाही.

रिम रंगवल्या असतील तर हबला टेकणारी बाजू आणि नट बसतात त्या खाचा रंगाशिवाय ठेवा. तिथला रंग दाबाखाली चुरगळतो आणि नट सैल पडतात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासा, आणि स्प्रिंगचे यू-बोल्ट खोलले असतील तर तेही.