हॉइस्टच्या या चुका टाळा (आणि बटणाच्या वायरी उलटवायच्या आधी एकदा वर बघा)

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मेंटेनन्सला २२ वर्षं काढली. वायर रोप हॉइस्टची (तारेच्या दोरानं वजन उचलणाऱ्या यंत्राची) मॉडेलं बदलली, रिमोट आले, चुका मात्र त्याच आहेत. नवीन पोरगा आला की पंधरा दिवसांत त्यातली एक करणारच.

सगळ्यात वाईट चूक आधी सांगतो. पावसाळ्यात आमच्या शेडकडं येणारी केबल जॉइंटला जळाली. रात्रीत नवा जॉइंट मारला. सकाळी ऑपरेटरनं ५ टनी हॉइस्टचं ‘वर’ बटण दाबलं तर हुक खाली यायला लागला. मी दुसऱ्या शेडात होतो. वायरमन पोरगं हुशार, हात चलाख. त्यानं पेंडंट (केबलला लोंबणारा बटणांचा डबा) उघडला, ‘वर’ आणि ‘खाली’च्या वायरी अदलाबदल केल्या आणि मला फोन केला, “मामा, पाच मिनिटांत झालं काम.” मी कामाच्या गडबडीत “बरं” म्हटलं. ते ‘बरं’ माझ्या अंगाशी आलं.

चार दिवसांनी सेकंड शिफ्टला रिकामा हुक वर नेताना हुक ब्लॉक (हुक आणि पुलीचा ठोकळा) थेट रोप गुंडाळणाऱ्या ड्रमखाली जाऊन आदळला. हुक टोकाला गेला की थांबवणाऱ्या लिमिट स्विचचा दांडा वर ढकललेला, स्विचनं काम केलेलं, आणि मोटर तरी ओढतीच आहे! रोप तुटला, ब्लॉक मोल्डिंग बॉक्सवर पडला. बॉक्स भरायला माणूस यायला दोन मिनिटं बाकी होती. पुलीचा काठ फुटला, एवढ्यावर भागलं.

झालं काय होतं? जॉइंट मारताना तीनपैकी दोन फेज उलटल्या होत्या, म्हणून मोटर उलटी फिरत होती. वरचा लिमिट स्विच ‘वर’च्या कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) सप्लाय तोडतो. पेंडंटमध्ये वायरी बदलल्यावर ‘वर’ बटण ‘खाली’चा कॉन्टॅक्टर ओढायला लागलं आणि उलट्या फेजमुळं हुक वर जायला लागला. लिमिटनं आपलं काम चोख केलं, पण जो कॉन्टॅक्टर तोडला तो मुळात चालूच नव्हता. खालच्या लिमिटचंही तेच. बाहेरून बघाल तर हॉइस्ट एकदम बरोबर चालतोय.

डोकं जरा शांत ठेवलं असतं तर त्या सकाळी क्रॉस ट्रॅव्हलही (हॉइस्टची आडवी चाल) उलटा जातोय आणि शेजारचा ब्लोअरही उलटा फिरतोय हे दिसलं असतं. सगळंच उलटं म्हणजे दोष सप्लायमध्ये. मेन बंद करा, कुलूप लावा, मेनलाच दोन फेज बदला. नंतर रिकामा हुक हळूहळू वर नेऊन लिमिटला तो थांबतोय का बघा. आता आमच्या प्रत्येक पॅनलला फेज सिक्वेन्स रिले आहे. फेज उलटली की हॉइस्ट हलतच नाही. आणि माझ्या परवानगीशिवाय कुणी पेंडंटचं झाकण उघडलं तर मी त्या दिवशी चहासुद्धा पीत नाही त्याच्याबरोबर.

यातच दुसरी चूक दडलेली आहे. ती म्हणजे रोज हुक थांबवायला लिमिट वापरणं. लिमिट म्हणजे शेवटचा आधार. बटण आपल्या बोटानं सोडायचं असतं.

आता तिरकी ओढ. कास्टिंग (ओतीव माल) शेडच्या कोपऱ्यात पडलंय, हॉइस्ट पोचत नाही, मग स्लिंग (उचलायचा पट्टा) अडकवून तिथूनच ओढ. “एकदाच ओढतोय मामा.” त्या एकदात रोप गाइड (रोप खाचेत बसवणारं कडं) फुटतो, रोप ड्रमच्या खाचेतून बाहेर पडून शेजारच्या वेढ्यावर चढतो आणि दबून चपटा होतो. वजन सुटलं की ते झोका घेतं ते वेगळंच. गाइड बदलायची पाळी आली की मी आधी विचारतो, कोपऱ्यातलं काय ओढलंत? उत्तर कधी येत नाही, पण जमिनीवर घासल्याची खूण असतेच. कास्टिंग आधी ट्रॉलीनं हुकाखाली आणायचं. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

रोप तपासायला चामडी हातमोजा घाला. आमच्याकडं एकानं उघड्या हातानं रोप चाचपला, तुटलेली तार तळव्यात खोलवर गेली. मी जुनाच हिशेब धरतो: रोपाच्या एका पिळात (लड रोपाभोवती एक पूर्ण फेरा घेते तेवढ्या लांबीत) १२ तारा तुटलेल्या, किंवा त्यात एकाच लडीत (तारांच्या एका पेडात) ४, तर रोप उतरवायचा. पण आकडा भरायची वाट बघू नका. गाठ, चपटेपणा, पिंजऱ्यासारखा फुगलेला भाग दिसला की एकही तार तुटलेली नसली तरी रोप गेला. जाडी व्हर्नियरनं लडीच्या माथ्यावर मोजा. दोन लडींमधल्या खोलगटात व्हर्नियर घालून “जाडी कमी आलीय” म्हणणारे महाभागही बघितलेत. फौंड्रीत जाड ग्रीस थापू नका, वाळू चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी घासणी होते. आधी ब्रशनं साफ करा, मग पातळ तेल.

हुक सगळ्यात खाली आला तरी ड्रमवर निदान दोन-तीन वेढे राहिले पाहिजेत.

वजन घसरतंय? ब्रेक लगेच टाइट करू नका. लायनरवर (ब्रेकच्या घासपट्टीवर) तेल आहे का, एअर गॅप (ब्रेकच्या चुंबकाची फट) वाढलाय का, ते आधी बघा. उलट मोटर नुसती गुरगुरत असेल आणि उचलत नसेल तर ब्रेक सुटतोय का, एखादी फेज गेलीय का, हे तपासा. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, कारखाना काही दिवस थांबला. परत सुरू करताना आमच्या एका हॉइस्टचा ब्रेक गंजून चिकटला होता आणि पोरं ओव्हरलोड रिलेची (मोटरवर जादा भार आला की ती बंद करणाऱ्या रिलेची) सेटिंग वाढवत बसली होती.

टिचक्या मारल्यासारखं बटण दाबून कॉन्टॅक्टर खराब करणाऱ्यांच्याच हातून मी ते बदलून घेतो.

कायद्याप्रमाणं १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागतेच. ती कागदासाठी उरकली जाते तिथं कामाला जाऊ नका. माझी तपासणी सोमवारी पहिल्या पाळीला. रिकाम्या हुकानं लिमिट बघायचं. मग वजन वीतभर उचलून थांबायचं, ते खाली येतंय का बघायचं. शेवटी हुकाचं तोंड फाकलंय का बघायचं. नवा हुक लावला त्याच दिवशी तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंचनं एकेक ठिपका मारलाय आणि मधलं अंतर पॅनलच्या दाराला आतून पेंटनं लिहिलंय. व्हर्नियर लावायचा, आकडा जुळवायचा. गेल्या सोमवारी एक मिलिमीटर वाढ दिसली, हुक आता माझ्या टेबलावर आहे आणि पोरं त्याला पेपरवेट म्हणतात.