हृदयासाठी रक्त तपासताय? या चुका टाळा

‘लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) नॉर्मल आलंय’ या एका वाक्यावर आपल्याकडे फार भिस्त ठेवली जाते. रिपोर्ट फाइलला लागतो आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत संपतो. पण रक्तदाब, तंबाखू-मिश्रीची सवय, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत आलेला झटका, यातलं काहीही त्या सॅम्पलमध्ये दिसत नाही. हे सगळं धरूनच आकड्याचा अर्थ लागतो.

लॅबची रेंज हीच आपली रेंज समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. समजा, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 95 आलं. रिपोर्टवर ‘100 पेक्षा कमी’ असं छापलेलं आहे, म्हणून घरचे निश्चिंत. तिशीतल्या निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसासाठी ते ठीकच आहे. पण अँजिओप्लास्टी झालेल्या काकांसाठी हेच 95 खूप जास्त आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, 2024 मध्ये दिलेली मर्यादा पाहा: कमी धोका असेल तर एलडीएल 100 च्या खाली, जास्त धोका असेल तर 70 च्या खाली आणि अतिजास्त धोका असेल तर 55 च्या खाली. छापील कॉलमला तुमचा इतिहास ठाऊक नसतो. म्हणून डॉक्टरांना ‘नॉर्मल आहे ना?’ असं विचारण्याऐवजी ‘माझं एलडीएल किती असायला हवं?’ असं विचारा.

याच गैरसमजातून दुसरी चूक होते. आकडा खाली आला की लोक स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी परस्पर बंद करतात. अहो, तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो! काही जण तर ‘खरं कोलेस्टेरॉल कळावं’ म्हणून तपासणीआधी आठवडाभर गोळी सोडतात. असं करू नका. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात, आणि तेही गोळी चालू असतानाच.

फक्त टोटल कोलेस्टेरॉल बघणं

टोटल 190 आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, 32 असेल तर वरवर सगळं छान दिसतं. पण 190 मधून 32 वजा करा: 158 उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि कमी धोक्याच्या माणसालाही ते 130 च्या आत हवं. पोट सुटलेलं, साखर वाढलेली, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) जास्त आणि एचडीएल कमी हे चित्र आपल्या घराघरांत दिसतं. अशा माणसात एकटं एलडीएल धोका कमी दाखवू शकतं. ही वजाबाकी प्रत्येकाने आपल्या रिपोर्टवर करून बघावी, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

शिवाय बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, ते 1972 सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते सूत्र चालत नाही. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ करून घ्यावं.

चुकीच्या वेळी रक्त देणं

ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशननंतर लगेच लिपिड तपासलं तर एलडीएल खोटं कमी दिसू शकतं. एचएस-सीआरपीचं, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासणीचं, उलटं होतं, संसर्गात ते चढतं. ते 10 च्या वर असेल तर हृदयाचा निष्कर्ष काढू नका, बरं झाल्यावर पुन्हा तपासा. आदल्या रात्रीच्या दारूने ट्रायग्लिसराइड वाढतं.

लिपिडसाठी उपाशी राहणं आता बहुतेकांना गरजेचं मानत नाहीत. ट्रायग्लिसराइड खूप जास्त आलं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करावं लागतं. सोबत फास्टिंग शुगर असेल तर किमान आठ तास काही खायचं नाही, पाणी चालतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटीच्या डोसचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.

पॅकेज मोठं, नेमकी तपासणी गायब

ऐंशी-नव्वद तपासण्यांच्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) हमखास असतं. ते गोळ्यांनी कमी केल्याने हार्ट अटॅक टळतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) मात्र बऱ्याचदा नसतं! ते आनुवंशिक आहे, पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. दर डेसिलीटरला 50 मिलीग्रॅमच्या वर म्हणजे धोका जास्त. घरात कुणी चाळिशीत झटक्याने गेलं असेल तर हे करून घ्याच. एलडीएल 190 च्या वर आलं तर भावंडांचं आणि मुलांचंही तपासा. आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की एकदा टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघा, थायरॉइड मंदावल्यानेही ते वाढतं.

एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, वाचताना हिमोग्लोबिनही बघा. लोहाच्या कमतरतेने तो आकडा खोटा वाढू शकतो. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तिथे या तपासणीवर एकटीवर विसंबता येत नाही.

छातीत दुखतंय आणि लॅबमध्ये रांग

छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर लिपिड प्रोफाइलचा काही उपयोग नाही. महिनाभरापूर्वीचा चांगला रिपोर्टही झटका नाकारू शकत नाही. ‘गॅस असेल, सकाळी रक्त देऊ’ म्हणत रात्र काढू नका. 108 ला फोन करा, आधी ईसीजी होऊ द्या. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारं प्रथिन, वाढायला वेळ लागतो, त्यामुळे लवकर केलेली एक तपासणी निगेटिव्ह आली तरी डॉक्टर काही तासांनी ती पुन्हा करतात. तेव्हा पहिला रिपोर्ट पाहून घरी जाण्याचा हट्ट धरू नका. अटॅकनंतर पुढच्या दिवसांत एलडीएल आपोआप घसरतं, म्हणून लिपिड पहिल्या 24 तासांतच घेतलं का, हे नातेवाइकांनी विचारून ठेवावं. डिस्चार्ज कार्डवर तो आकडा तारखेसह लिहून घ्यावा.