एका कॉलेज फुटबॉल मोसमाची वही

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा 2024 चा मोसम नुसत्या निकालांवरून कळत नाही. नियमित मोसमात 12 सामने, 10 जिंकले, दोन हरले: ऑक्टोबरात ओरेगॉनकडून 32-31 आणि नोव्हेंबरअखेर घरच्या मैदानावर मिशिगनकडून 13-10. बिग टेन या त्यांच्या विभागीय लीगच्या अंतिम सामन्यातही जागा मिळाली नाही. तरी राष्ट्रीय प्लेऑफमध्ये निवड झाली आणि तोच संघ 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोटर डेमला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेता झाला. मधल्या काळात काय घडलं ते पकडायचं असेल तर सामन्यागणिक वही ठेवावी लागते. क्रिकेटचं स्कोअरबुक भरलेल्या माणसाला हे अवघड नाही. तिथे चेंडू मोजतो, इथे ड्राइव्ह मोजायची, म्हणजे संघाच्या हातात बॉल आल्यापासून जाईपर्यंतचा डाव.

साधी 100 पानी वही पुरते. एका सामन्याला समोरासमोरची दोन पानं द्या. तारीख अमेरिकेतली लिहा. भारतात बसून बघणाऱ्याची पहिली चूक इथेच होते: तिकडचा शनिवारी संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे पाचला सुरू होतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की सहाला. दुपारी बाराचे सामने रात्री साडेनऊला, नंतर साडेदहाला.

डावं पान ड्राइव्हचं. एका ओळीत एक ड्राइव्ह: क्वार्टर आणि घड्याळ, सुरुवात कुठून, किती प्ले (बॉल सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतची एक चाल), किती यार्ड, शेवट कसा. दोन्ही संघ एकाच क्रमाने लिहा, फक्त शाई वेगळी. एका संघाच्या साधारण दहा ते तेरा ड्राइव्ह होतात. सुरुवातीची जागा ‘स्वतःची 25’ अशी न लिहिता समोरच्या गोलरेषेपर्यंतचं अंतर लिहा, म्हणजे 100 यार्डांच्या मैदानात 75. किकऑफचा टचबॅक झाला, म्हणजे सुरुवातीची किक परतवली गेली नाही, की आकडा 75 च येतो, त्यामुळे 55 किंवा 40 दिसला की लगेच कळतं, ही ड्राइव्ह बचाव फळीने किंवा पंट (बॉल सोडून देताना मारलेली लांब किक) परतवणाऱ्याने कमावून दिली आहे. शेवटासाठी एकेक अक्षर ठरवा: ट टचडाउन (बॉल गोलरेषेपार), फ फील्ड गोल (खांबांमधून किक), चु चुकलेला फील्ड गोल, पं पंट, इं इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याने पकडला), फं फंबल (हातातला बॉल सुटून गमावला), डा चौथ्या डाउनवर अडले. डाउन म्हणजे 10 यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक.

या पानाची किंमत अंतिम सामन्यात दिसली. नोटर डेमची पहिली ड्राइव्ह 18 प्ले, 75 यार्ड, 9 मिनिटं 45 सेकंद, शेवटी ट. टीव्हीवर वाटलं, आता हेच राज्य करणार. पण वहीत ती एकच ओळ, आणि तिच्याखाली ओहायो स्टेटच्या पहिल्या चारही ड्राइव्हच्या शेवटी ट, ट, ट, ट.

प्रत्येक प्ले यशस्वी झाला की नाही हेही टिकमार्कने नोंदवा. हिशेब ठरलेला आहे: पहिल्या डाउनवर हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्यावर 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर सगळे. दुसऱ्या डाउनला 10 हवे असताना 6 यार्ड काढले तर टिक नाही. आघाडी 28 च्या वर गेली की पानावर आडवी रेघ मारा आणि खालचे टिक एकूण बेरजेत धरू नका. प्लेऑफमधल्या रोझ बोल सामन्यात ओरेगॉनविरुद्ध दुसऱ्याच क्वार्टरमध्ये 34-0 झालं होतं. त्यानंतरचे आकडे दोन्ही संघांबद्दल फार काही सांगत नाहीत.

इथे जवळजवळ सगळे फसतात ते सॅकच्या आकड्यात, म्हणजे पास टाकायच्या आतच क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) पाडलं जातं तेव्हा. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकने गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, व्यावसायिक एनएफएलमध्ये पासच्या. समजा सामन्याच्या आकडेपत्रकात 30 धावा (बॉल घेऊन धावायचे प्रयत्न) आणि 120 यार्ड आहेत, सरासरी 4. त्यात चार सॅकचे 28 यार्ड गेले असतील तर खऱ्या धावा 26, यार्ड 148, सरासरी 5.7. म्हणजे धावणारा चांगला खेळला, तक्रार असेल तर पासच्या वेळच्या संरक्षणाची. ही दुरुस्ती न करता कुणालाही नावं ठेवू नयेत.

उजवं पान आक्रमणाच्या लाइनमधल्या, म्हणजे क्वार्टरबॅकला संरक्षण आणि धावणाऱ्याला वाट देणाऱ्या, पाच जणांचं: डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल. कोण सुरुवातीला उतरला आणि कोणत्या ड्राइव्हला बदलला, एवढंच. कॅमेरा बॉलमागे पळतो, म्हणून हा बदल निसटतो. त्यासाठी प्रत्येक ड्राइव्हच्या पहिल्या प्लेला बॉल सुटायच्या आत 50 ते 79 मधले जर्सी क्रमांक वाचा; आतल्या पाचांना त्यातलेच मिळतात.

2024 चं उत्तर मुख्यतः याच पानात आहे. ऑक्टोबरातल्या ओरेगॉनच्या सामन्यात डावा टॅकल जॉश सिमन्स जखमी झाला. पुढच्याच सामन्यात नेब्रास्काने 21-17 पर्यंत दमवलं. पेन स्टेटविरुद्ध डोनोव्हन जॅक्सनला गार्डवरून टॅकलला हलवलं आणि 20-13 जिंकले. मग इंडियानाच्या सामन्याआधी सरावात सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची टाचेमागची अकिलीस शीर तुटली, त्याची जागा कार्सन हिन्झमनने घेतली. मिशिगनविरुद्ध या नव्या जुळणीला घेऊन वारंवार मधूनच घुसायचा प्रयत्न केला: 26 धावा, 77 यार्ड, वर दोन चु, दोन इं. तीन आठवड्यांनी प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध 42-17 जिंकले. सिमन्स आणि मॅक्लॉफ्लिन परतले नव्हते. प्रशिक्षक रायन डे यांच्या संघाने पास पकडणाऱ्या जेरेमाया स्मिथला सुरुवातीपासून बॉल दिला आणि प्रतिस्पर्धी बचाव पसरवला.

शेवटच्या दोन मिनिटांत ड्राइव्हची ओळ पुरत नाही. तिथे प्रत्येक प्लेचं घड्याळ लिहा. ऑक्टोबरात ओरेगॉनविरुद्ध 10 सेकंद उरले असताना ओरेगॉनच्या बचावात 11 ऐवजी 12 खेळाडू होते. दंड पाच यार्डांचा झाला, पण चार सेकंद गेले ते गेलेच. पुढच्या प्लेला ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड बॉल घेऊन धावला, घसरून बसला आणि वेळ संपली. त्याच आठवड्यात नियमाचा अर्थ बदलला आणि अशी सेकंदं परत मिळायची सोय झाली. प्लेऑफमधल्या टेक्सासविरुद्धच्या सामन्याचा शेवटही असाच नोंदवण्याजोगा आहे: टेक्सासला एक यार्डावर पहिला डाउन, मग बाहेरच्या धावेत सात यार्ड मागे, आणि चौथ्या डाउनला ओहायो स्टेटच्या बचावातल्या जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातून बॉल उडवला, उचलला आणि 83 यार्ड पळून टचडाउन.

मोसम संपल्यावर शेवटची चार पानं मोकळी ठेवा. जानेवारीत ट्रान्सफरने (विद्यापीठ बदलून) कोण गेलं-आलं ते आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एनएफएल संघांनी केलेली खेळाडूंची निवड. 2025 च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सन 24 वा, सिमन्स 32 वा निवडला गेला. नव्या वहीच्या पहिल्या उजव्या पानावर डाव्या टॅकलचं नाव पेन्सिलीनेच लिहा, सप्टेंबरपर्यंत खोडायची वेळ येऊ शकते.